भिंतीपलीकडची खिरापत

भुलाबाई विकत घेऊन, पदराखाली झाकून, बैलगाडीत नीट मांडी ठोकून बसेपर्यंत मनकर्णेच्या लक्षातच आलं नाही की आपण काय करून बसलो.

माझ्याही आलं नाही. इतकी वर्षं भादव्याच्या पौर्णिमेआधी आम्ही दोघी नांदुऱ्याच्या बाजाराला जातो. मी माळ्याची बाई, वांगी-भेंडी विकून टोपली रिकामी करते. मनकर्णा पाटलीणबाई असल्यासारखी फिरून भाव विचारते आणि शेवटी कुंभाराकडून भुलाबाई घेते. यंदाही घेतली. हिरव्या लुगड्यातली भुलाबाई, शेजारी फेटेवाला भुलोजी, मांडीवर इवलासा गणपती. गाडीने ज्ञानगंगा ओलांडली, बैल चढाला लागले, आणि मनकर्णा एकदम म्हणाली, "गोजर, रुख्मिणी तं सासरी गेली वं!"

"गेली नं वैशाखात. तूच तं रडून रडून गाव गोळा केलं."

"मंग हे मी कोनासाठी घेतली?"

आता माझ्याही डोक्यात प्रकाश पडला. भुलाबाई म्हणजे पोरींचा सण. पार्वती महिनाभरासाठी माहेरी येते, गल्लीतल्या पोरी रोज दिवेलागणीला तिच्यासमोर टिपऱ्या घेऊन गाणी म्हणतात, आणि मग घरची बाई डब्यात खिरापत लपवून डबा वाजवून दाखवते. आवाजावरून ओळखायचं आत काय आहे. मनकर्णेच्या दोन पोरी. थोरली कधीचीच खामगावला नांदते, धाकटी रुख्मिणी यंदा मलकापुरात दिली. घरात उरले ती, तिचा नवरा हिंमतराव आणि दोन म्हशी.

"परत देऊन येऊ काय?" मी विचारलं.

"पदराखाली घेतल्यावर देव परत देते काय कोनी?" ती म्हणाली आणि पदर आणखी सारखा केला.

हिंमतराव ओट्यावर बसले होते. मूर्ती पाहून पोट धरून हसले. "आता भुलाबाईसमोर मी नाचू काय?" म्हणाले. मनकर्णेने काही उत्तर दिलं नाही. ती कधी देतच नसे. पंचवीसएक वर्षं संसार केला त्या बाईने, पण मोठ्याने बोललेली मी तिला क्वचितच ऐकली. मागच्या पडवीत ज्वारीच्या धांड्यांचा मखर करून तिने भुलाबाई मांडली, दिवा लावला आणि समोर बसून राहिली. पोरगी गेल्यापासून ती अशीच बसायची. म्हशीचं दूध काढायला बसली की चरवी भरून वाहेपर्यंत भान नाही. मला तिची काळजी वाटत होती, हे मी सरळच सांगते.

पहिल्या दिवशी गल्लीतल्या पोरी आल्या. खिरापतीच्या ओढीने घाईघाईने दोन गाणी उरकली, वाटाणे-फुटाणे ओंजळीत घेतले आणि पळाल्या. आपल्या टोळीतली मैत्रीण ज्या घरात नाही त्या घरी कशाला थांबतील? दुसऱ्या दिवशी फिरकल्याच नाहीत. मनकर्णा दाराकडे डोळे लावून होती.

"आपनच म्हनू," मी म्हटलं.

"या वयात?"

"भुलाबाईचं वय काय हाये? आपल्याहून थोरलीच असन."

तर अशा आम्ही दोघी, चाळिशी उलटलेल्या, गुडघे कुरकुरणाऱ्या, पडवीत टिपऱ्या घेऊन उभ्या राहिलो. माझा आवाज कावळ्याचा. मला तीन मुलगे, मुलगी नाही, त्यामुळे लग्न झाल्यापासून भुलाबाईचं गाणं ओठावर आलेलं नाही. मनकर्णेचा आवाज गोड, पण शब्द आठवतील तर शपथ. ज्या गाण्यात भुलाबाई माहेरी जायची परवानगी सासरच्या एकेका माणसाला विचारते, त्यात ती सासूवरून थेट नवऱ्यापर्यंत पोहोचली आणि मी टिपरीचा ठोका चुकवला.

तेवढ्यात मागच्या भिंतीपलीकडून आवाज आला. "जावेले सोडलं वं! जावेले इचारल्याबिगर कशी जाईन ते माहेरी?"

आमच्या टिपऱ्या थांबल्या. तो आवाज सोजराचा होता.

सोजरा म्हणजे कोण ते सांगितल्याशिवाय पुढे काही कळायचं नाही. मनकर्णा आणि सोजरा, दोघींचं माहेर मेहकराकडचं हिवरं. एकाच गल्लीत वाढल्या, एकाच भुलाबाईसमोर गायल्या, आणि नशिबाने एकाच गावात दिल्या गेल्या. घरं पाठीला पाठ लावून, मध्ये पुरुषभर उंचीची मातीची भिंत. सोजराचा नवरा अर्जुनराव बैलगाडीखाली सापडून गेला, तेव्हापासून ती एकटीच शेती पाहते. गड्यांना शिव्या घालते आणि नांदुऱ्याच्या जिनावर, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीत, कापूस घालायला स्वतः गाडी घेऊन जाते. गावातले भले भले पुरुष तिला वचकून असतात.

आणि ती बाई मनकर्णेच्या उंबऱ्यात पाय ठेवत नव्हती, आज कित्येक वर्षं.

थोरलीच्या लग्नातली गोष्ट. हळद दळायला बायका जमल्या होत्या, जात्यावर सोजरा गात होती, कारण तिच्याशिवाय गायला होतं कोण? पोरीला हळद लावायची वेळ आली आणि सोजराने सवयीने वाटीत बोट घातलं. मनकर्णेची थोरली जाऊ अन्नपूर्णाबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "तू मांगं बस वं. हे सवाष्णीचं काम हाये." सोजराने मनकर्णेकडे पाहिलं. मी समोरच होते. मनकर्णेने मान खाली घातली, वाटीतली हळद बोटाने ढवळत राहिली आणि एक अक्षर बोलली नाही. सोजरा हात पुसून मागच्या दाराने निघून गेली. त्यानंतर रस्त्यात भेटल्या तर कामापुरतं बोलायच्या. रुख्मिणीच्या लग्नाला तिने लुगडं पाठवलं, तेही माझ्या हाती.

मला तेव्हा अन्नपूर्णाबाईंचा राग आला होता. त्याहून जास्त मनकर्णेचा आला होता. पण मैत्रिणीला टाकून तर देता येत नाही.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून आवाज आल्यावर मनकर्णेने पुन्हा पहिल्यापासून गाणं धरलं. सासरा, सासू, आणि मग जाऊ. पुढची ओळ तिला आठवेना. ती थांबली. आणि मग सोजराने ती ओळ उचलली, खड्या, भरल्या आवाजात. शब्द चुकीचे ऐकवेनात म्हणून असेल, पण उचलली. मनकर्णा तिच्यामागून गाऊ लागली. मी काही गायले नाही. तेवढी अक्कल मला आहे.

गाणी झाल्यावर मनकर्णेने डबा उचलला, माझ्यासमोर वाजवला. "ओळख."

"चने," मी म्हटलं.

"शेंगदाने हायेत ते!" भिंत म्हणाली. "चन्याचा आवाज कोरडा येते."

शेंगदाणेच होते. मी उखळ पालथं घालून त्यावर चढले आणि वाटीभर दाणे भिंतीपलीकडे दिले. सोजराने पांढऱ्या पदरात घेतले. माझ्याकडे पाहून म्हणाली, "तू गाऊ नोको वं गोजर. भुलाबाई लवकर सासरी जाईन."

दुसऱ्या दिवशी मी तिच्या वावरात गेले. ती बांधावर बसून भाकर खात होती. मी सरळ म्हटलं, "आता घरीच ये. भिंतीवरून काय गाते?"

"नाई."

"काऊन?"

"माहा पाय त्या घरात पडला अन् पोरीच्या संसारात उद्या काही झालं, तं सारे माह्याच नावानं बोटं मोडतीन." तिने भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "अन् दुसरं म्हनशीन तं, लोकायचं मले काही वाटलं नाई. लोक बोलतेच. तिनं एक शब्द बोलाचा व्हता, गोजर. एक."

तिने मला अर्धी भाकर दिली आणि ठेचा लई तिखट आहे म्हणून सांगितलं.

मी हे सगळं मनकर्णेला जसंच्या तसं सांगितलं. सांगावं की नाही असा प्रश्न मला पडत नाही, माझा स्वभावच तसा. मनकर्णा खूप वेळ चुलीतलं लाकूड मागेपुढे करत राहिली. मग म्हणाली, "भुलाबाई जायच्या आंधी सोजरा माह्या घरात आली पायजे. नाई आली, तं ह्या घरात पुन्हा भुलाबाई बसनार नाई."

"देवाले कायले धमकी देते?"

"देवाले नाई. माह्या मलेच देऊन राह्यली."

मग रोजचंच झालं. दिवे लागले की पडवीत आम्ही दोघी आणि भिंतीपलीकडे सोजरा. ती शब्द सांगायची, मनकर्णा उचलायची, मी टिपरी वाजवायचे. खिरापत मी कधीच बरोबर ओळखली नाही. सोजराने एकदाही चूक केली नाही. खारका, लाह्या, गुळाचे खडे, तिळाची वडी. भिजवलेली डाळसुद्धा तिने ओळखली. डबा वाजला की भिंतीपलीकडून असा ठाम आवाज यायचा की जणू तीच आत बसली आहे.

गाणी संपली तरी आम्ही उठायचो नाही. मनकर्णा भिंतीला पाठ टेकून इकडे, सोजरा पाठ टेकून तिकडे, आणि मी उखळावर. हिवऱ्याच्या गोष्टी निघायच्या. एके दिवशी मनकर्णा अडखळत म्हणाली, "मले आजकाल मधातच अंगातून वाफा निघाल्यासारकं व्हते. घाम फुटते. मनात येते, आता आपलं काही खरं नाई."

भिंतीपलीकडून लगेच उत्तर आलं. "मले बी व्हते. वावरात उभी राह्यते अन् वाटते, चोळी फाडून फेकावी."

"खरं?"

"खोटं बोलून मले काय भेटते?"

"मले बी व्हते," मी म्हटलं. "मले वाटलं मिरची सोसत नाई."

आम्ही इतक्या हसलो की हिंमतराव काय झालं म्हणून पाहायला आले, आणि आम्ही सांगितलं नाही म्हणून रुसून परत गेले. आपल्या आया या वयात कशा होत्या, त्यांनी कोणाला सांगितलं असेल, असं मनकर्णा विचारत राहिली. कोणीच कोणाला सांगितलं नसणार. मला एकदम फार वाईट वाटलं त्या सगळ्या बायकांसाठी.

मनकर्णा बदलत होती. दसऱ्याला हिंमतरावांनी परस्पर एक म्हैस विकायचं ठरवलं, तर ती म्हणाली, "म्हशी मी पाहते, म्हैस जाईन का राहीन ते मी सांगीन." हिंमतराव माझ्याकडे पाहू लागले, जणू मीच तिला पढवलं होतं. म्हैस राहिली. पण सोजरा भिंतीपलीकडेच होती आणि कोजागिरी जवळ येत होती. कापूस फुटला, वेचणी सुरू झाली, हात ओरबाडून निघायचे, तरी आम्ही एक संध्याकाळ चुकवली नाही. रोज मनकर्णा म्हणायची, "सोजरा, ये नं इकडं." आणि रोज सोजरा म्हणायची, "गानं धर."

कोजागिरीच्या दिवशी मनकर्णेने मला दुपारीच बोलावलं. देवापुढचा पितळी डबा घासून लख्ख केला होता.

"यंदाची शेवटची खिरापत तिले ओळखू येनार नाई," ती म्हणाली.

"तिले ओळखू न येनारं धान्य अजून पिकाचं हाये."

ती गालात हसली. डब्यात काय आहे ते मला दाखवलं नाही. याचा मला थोडा राग आला.

दिवस मावळला, तोवर पडवी भरली. शेवटच्या दिवशी सगळ्या येतात, वर्षभर न येणाऱ्यासुद्धा. पोरी आल्या, शेजारणी आल्या, आणि अन्नपूर्णाबाई आल्या, नाकात नथ, हातात ओटीचं ताट. निरोपाच्या दिवशी भुलाबाईची ओटी भरतात, आणि घरात थोरली म्हणून तो मान त्यांचाच. चंद्र नदीपलीकडच्या जिनाच्या धुराड्यामागून वर आला. गाणी झाली. भिंतीपलीकडून आवाज येत होता तेव्हा बायका एकमेकींकडे पाहत होत्या. अन्नपूर्णाबाई पाटावर रेषा ओढत बसल्या होत्या.

मनकर्णा डबा घेऊन भिंतीपाशी गेली आणि तिने तो हलवला. काहीच वाजलं नाही.

"पुन्हा वाजव," सोजरा म्हणाली.

पुन्हा हलवला. आवाज नाही.

"रिकामा हाये."

"नाई."

"दही?"

"नाई."

"साखर? रवा? खवा लावला असन बुडाले चिकटवून." सोजराचा आवाज चढत चालला होता. हरण्याची तिला सवय नव्हती. "सांग मंग काय हाये ते!"

"हरली काय?"

"हरली," भिंतीपलीकडून बारीक आवाज आला.

"हिवऱ्याचा नियम काय व्हता? हरलेलीनं येऊन झाकन उघडाचं. तुह्याच मायनं घालून देल्ला व्हता."

पोरींची चुळबूळसुद्धा थांबली. मला वाटलं, संपलं. बाई मागचं दार लावून आत निघून गेली असणार. मी मनातल्या मनात मनकर्णेवर चिडले, की लोकांसमोर कशाला तिला अडवलं हिने. मग पलीकडे कडी वाजली. पावलं ऐकू आली, पण ती आमच्याकडे नाही, दूर, गल्लीच्या दिशेने गेली.

सोजरा मागून आली नाही. अख्ख्या गल्लीला वळसा घालून पुढच्या दाराने आली. पदर खोचलेला, कापूस वेचून हात ओरखडलेले. उंबऱ्याबाहेर थांबली.

"आन डबा," म्हणाली.

"डबा भुलाबाईपाशी हाये," मनकर्णा आतून म्हणाली. "तूच ये."

सोजराने उंबऱ्याकडे पाहिलं. मनकर्णा जागची हलली नाही. मी देवाचं नाव घेत होते. सोजराने लुगडं किंचित वर धरलं आणि आत पाऊल टाकलं. घर ओलांडून पडवीत आली, खाली बसली, डब्याचं झाकण काढलं.

आत हळद होती. गच्च दाबून भरलेली, पिवळीधमक.

सोजराचे हात तसेच राहिले.

"ओटीची हळद हाये ते," मनकर्णा म्हणाली. "तू लाव भुलाबाईले."

"अवं मनकर्णा!" अन्नपूर्णाबाईंचा आवाज आलाच. "काय करून राह्यली? ओटी भराचं काम तिचं हाये काय?"

मनकर्णा वळली. तिचा आवाज कापत होता, पण पडवीतल्या शेवटच्या पोरीपर्यंत ऐकू गेला. "बाई, त्या दिवशी तुमी बोलल्या अन् मी गप बसली. आज मी बोलून राह्यली, तुमी गप बसा." मग ती सोजराच्या शेजारी बसली. "लेकीची पाठवनी माहेरचं मानूस करते. माही माय गेली, भाऊ गेला. हिवऱ्याचं घर गेलं. आता माह्या माहेरचं कोन राह्यलं सांग मले? तूच नं? मंग तुह्या हातानं लाव. मी तवा बोलाले पायजे व्हतं, सोजरा. मले लई उशीर झाला."

सोजराने बोटं हळदीत बुडवली. भुलाबाईच्या मातीच्या कपाळाला लावली. दोन थेंब त्या हळदीवर पडले, ते कोणाचे होते हे मी पाहिलं नाही, कारण मलाच काही दिसत नव्हतं. मग तिने अन्नपूर्णाबाईंपुढचं ताट ओढून घेतलं आणि भुलाबाईची ओटी भरली, तांदूळ, खोबरं, सुपारी, एकेक नीट जागेवर. अन्नपूर्णाबाई काही बोलल्या नाहीत. उठूनही गेल्या नाहीत. शेवटच्या दिवसाची खिरापत सोडून जाण्याचा त्यांचा स्वभाव नाही.

सोजराने पदराने नाक पुसलं. भोवती पाहिलं.

"अन् खिरापत?" ती म्हणाली. "का हळदच खाऊ सारेजनी?"

मनकर्णेने तोंडावर हात ठेवला. दिवसभर हळद दळण्यात, दाबून भरण्यात, मनातल्या मनात बोलणं जुळवण्यात बाई खिरापत करायलाच विसरली होती. आधी पोरी हसल्या, मग मी, मग सगळी पडवी. अन्नपूर्णाबाईंची नथसुद्धा हलली.

"वेंधळीच राह्यली," सोजरा म्हणाली आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. "सर. मीच पाहते. गूळ कुठं ठेवते आता?"

"जिथं तू ठेवला व्हता, तिथंच," मनकर्णा म्हणाली.

सोजरा कोणाला न विचारता स्वयंपाकघरात गेली. आम्ही बाहेर बसून ऐकत होतो. आधी फळीवरचं मडकं सरकल्याचा आवाज आला. मग डब्याचं झाकण, मग काहीतरी ओंजळीने ओतलं गेलं आणि पाट्यावर वरवंटा फिरू लागला.

"गूळ-शेंगदाने," मी म्हटलं.

आतून सोजरा ओरडली, "अवं बाई! गोजरनं ओळखलं!"